आक्कांची दुनळी आणि इटलीचा परवाना

सांगलीत नोकरीला आले तेव्हा मी चार-पाच खोल्या बघितल्या. प्रत्येक ठिकाणी चौकशी माझीच. गाव कुठलं, लग्न झालंय का, मटण करणार का, भाऊ म्हणून कोण कोण येणार. आक्कांच्या घरी मात्र उलटं झालं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, फडक्यानं गाळलेलं पाणी दिलं आणि स्वतःचीच माहिती सांगायला सुरुवात केली.

"आमी जैन. घरात अंडं न्हाई, कांदा न्हाई, बटाटा न्हाई. आनि एक बंदूक हाय. चालंल का तुमाला?"

मी म्हटलं, "बटाट्याचं जरा अवघड आहे."

"आनि बंदुकीचं?"

"ती चालेल."

आक्कांचा चेहरा खुलला. माझ्या आधी दोन भाडेकरू बटाट्याला तयार होऊन बंदुकीला भ्यायले होते, असं नंतर कळलं. मला वरची खोली मिळाली.

त्या साठीच्या पुढच्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. सुती पातळ, डोक्यावर पदर आणि पायात पांढरे स्पोर्ट्स बूट. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची. त्यांचा सख्खा पुतण्याही आक्काच म्हणायचा आणि बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, त्यांच्याहून वयानं मोठे लोकही. सकाळी उठून अंगण झाडताना त्या मुंग्यांच्या रांगेशी आल्या की झाडू उचलून धरायच्या, रांग ओलांडायच्या आणि पलीकडून पुन्हा झाडायला लागायच्या. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, मग दारात पंतप्रधान उभे असोत.

कृष्णेकाठी डास कसले असतात ते सांगलीकरांना विचारावं. पहिल्याच आठवड्यात मी ती विजेवर चालणारी डास मारायची बॅट आणली. आक्कांनी खालून चटचट आवाज ऐकला, वर आल्या, बॅट हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "असली हत्यारं माझ्या घरात चालायची न्हाईत."

त्यांच्या कपाटात बारा बोअरची दुनळी बंदूक होती. पण मी मच्छरदाणी आणली.

ही बंदूक त्यांच्या सासऱ्यांची. सासरे गावचे पाटील. त्या घराण्यात बंदूक असायची कारण पाटलाकडे बंदूक असायची, याहून वेगळं कारण कुणाला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी ती दसऱ्याला पुजली, आक्कांच्या मालकांनीही तेच केलं. दोघांनी मिळून आयुष्यात एक गोळी झाडली नाही. मालक गेले तसा परवाना संपला आणि पुतण्यानं, म्हणजे बाळ्यानं, सांगितलं की आक्का, आता ही पोलीस ठाण्यात जमा करायची.

आक्का स्वतः गेल्या जमा करायला. तिथल्या माणसानं बंदूक घेतली आणि जप्तीच्या सायकली, एक मोडका कुकर आणि कुणाचं तरी गंजलेलं शटर यांच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. आक्का पावती घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"माणूस गेला म्हनून त्याची वस्तू अशी कोपऱ्यात उभी करायची व्हय?" असं त्या मला सांगताना म्हणाल्या. ठाण्यात काय म्हणाल्या ते त्यांनी सांगितलं नाही. बाळ्यानं सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "परत न्यायची तर काय करावं लागंल?"

परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागेल, असं उत्तर आलं. आणि त्यासाठी बंदूक सुरक्षित कशी हाताळायची याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागेल. आक्का पुण्याला गेल्या. तिथल्या मैदानावर शिकवणाऱ्यानं यंत्रातून मातीची तबकडी हवेत उडवली आणि आक्कांना सांगितलं की आजी, नुसती नळी तिच्या मागोमाग फिरवा, चाप ओढायची घाई नको. आक्कांनी घाई केली. तबकडीचा चुरा झाला.

"फुटलं," त्या मला सांगत होत्या, आणि इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज चढला होता. "एवढा मोठा बार झाला, धूर झाला, फुटलं, आनि मेलं कोन बी न्हाई. लय बरं वाटलं गं."

तेव्हापासून महिन्यातून एकदा पुण्याच्या मैदानाची वारी चालू झाली. बाळ्याची गाडी, मागच्या सीटवर पेटीत बंदूक, शेजारी आक्का आणि मांडीवर दशम्यांचा डबा. मी आल्यावर मीही जायला लागले, कारण कॉलेजात मी तासिकांवर इंग्रजी शिकवायची आणि सुट्ट्या हा माझ्याकडे एकमेव मुबलक माल होता. मैदानावर बाकीच्यांच्या बंदुका नव्या, एकावर एक नळी असलेल्या, अंगावर खिशाखिशांची जाकिटं. आक्कांची बंदूक जुनी, शेजारी-शेजारी नळ्यांची, आणि काडतुसं कमरेला बांधलेल्या बाजाराच्या पिशवीत. सुरुवातीला लोक हसायचे. मग हसणं थांबलं आणि वैतागणं सुरू झालं, कारण आक्का पाखरं बघायच्या.

त्यांची पाळी आली की त्या आधी सगळं आभाळ न्याहाळायच्या. टिटवी दिसली, पारवा दिसला, लांब कुठं घार दिसली, तरी बंदूक उघडून हातावर आडवी घ्यायच्या आणि थांबायच्या. रांगेतली बाकीची मंडळीही उन्हात थांबायची. एकदा एक पोट सुटलेले गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, घार पाऊण मैलावर आहे. छर्रा जातो किती लांब?"

"ते तुमाला ठाऊक. घारीला कुठं ठाऊक हाय?" आक्का म्हणाल्या. "ती भिईल की."

याच मैदानावर कुणीतरी त्यांना सांगितलं की इटलीत ज्येष्ठांसाठी एक स्पर्धा होते, साठीच्या पुढच्या बायकांचा त्यात वेगळा गट आहे आणि कुणीही नाव घालू शकतं. मजेत सांगितलं असावं. आक्कांना मजा कळायची, पण सोयीनुसार. त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. उत्तर आलं, त्यात सुरुवातीलाच 'प्रिय महोदय' होतं. आक्का म्हणाल्या, "असू दे. तिथं गेल्यावर कळंल त्यास्नी."

बाळ्या म्हणाला, "आक्का, तिथं भाड्यानं बंदूक मिळती. नुसत्या हातानं जावा."

"का? माझी काय मोडलीया?"

"तसं न्हवं. बंदूक न्यायची म्हंजे लय लफडी असत्यात."

लफडी होती. बंदूक देशाबाहेर न्यायला एक परवानगी, परत आणायला दुसरी, विमानात चढवायला तिसरी आणि तिकडे उतरवायला चौथी. आणि प्रत्येकजण आधी उरलेल्या तिघांची मागायचा. सरकारी कचेरीतल्या साहेबांसमोर मी आक्कांच्या शेजारी बसले होते. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "बंदूक परत आणणार कशावरून?"

"मी परत येनार न्हाई का?"

"तुम्ही याल हो. मी बंदुकीचं विचारतोय."

"ती माझ्यासंगंच येनार. तिला तिकडं हाय कोन?"

साहेबांनी हे लिहून घेतलं नाही, पण त्यानंतर त्यांनी आक्कांचं काम अडवलंही नाही. मग पोलीस ठाण्यातून एक हवालदार चौकशीला आले. शेजाऱ्यांना विचारून झाल्यावर आक्कांसमोर बसले.

"आक्का, कुनापासनं जिवाला धोका हाय का?"

"न्हाई."

"कुनाशी भांडान? जमिनीचं, भावकीचं?"

"न्हाई बा."

"मग बंदूक कशाला पायजे?"

"धोका असता तर कुत्रं पाळलं असतं," आक्का म्हणाल्या. "ही खेळायला हाय."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. जाताना ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, घरात कवा चिडत्यात का त्या?" मी म्हटलं, डासाच्या बॅटवर चिडल्या होत्या.

खरी अडचण बाळ्याची होती. बाळ्या चाळिशीचा, द्राक्षबागेचा मालक, समाजाच्या तरुण मंडळाचा उपाध्यक्ष, आणि तरुणांमधून बाहेर पडायची त्याची तयारी नव्हती. गावात बंदूक कपाटात आहे तोवर ठीक, पण आपल्या घरची बाई बंदूक घेऊन परदेशी निघाली म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हा त्याचा प्रश्न. त्या वर्षी चातुर्मासाला एक महाराज बस्तीत होते. बाळ्यानं जाऊन त्यांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी प्रवचन झाल्यावर महाराजांनी आक्कांना थांबवून घेतलं. मी मागं भिंतीला टेकून होते. बाळ्या खांबाआड.

"काय मारता?" महाराजांनी विचारलं.

"तबकडी, महाराज. मातीची."

"तिच्यात जीव?"

"न्हाई."

"मारताना मनात राग असतो?"

आक्कांनी महाराजांसमोर पटकन नाही म्हणून टाकलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

"फुटली तर न्हाई," त्या म्हणाल्या. "चुकली की येतो."

महाराज हसले. "मग बंदूक न्या," ते म्हणाले. "राग तेवढा इथं ठेवून जा."

आक्कांनी नमस्कार केला. खांबाआडून बाळ्या बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं, पण महाराजांच्या शब्दापुढं तो काय बोलणार? उलट तोच कामाला लागला. पुण्यात एक एजंट होता. मोठ्या लोकांना आफ्रिकेत, युरोपात शिकारीला पाठवायचा आणि त्यांच्या बंदुकांचे कागद करून द्यायचा. बाळ्यानं आक्कांचे कागद त्याच्याकडे दिले. विमानाची तिकिटं निघाली. व्हिसा आला, आक्कांचा आणि माझाही, कारण तिकडे त्यांच्या वतीनं बोलायला कोणीतरी हवं होतं आणि मला इटालियन येत नाही ही गोष्ट आक्कांना महत्त्वाची वाटत नव्हती.

शेवटी इटलीचा परवाना आला. आक्कांनी तो देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाल्या, "वाच."

मी मोबाइल त्याच्यावर धरून एकेक ओळ मराठीत करून वाचत गेले. नाव, गाव, बंदुकीचा क्रमांक, किती दिवस. मग 'प्रयोजन' अशी ओळ आली. तिच्यापुढं एकच शब्द होता.

"शिकार," मी वाचलं.

"काय?"

"शिकारीसाठी, असं आहे आक्का."

बाळ्यानं तिथंच एजंटला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. एजंट अगदी मोकळेपणानं बोलला. "अहो, शिकारीचा लवकर निघतो. स्पर्धेचा म्हटलं की चार ठिकाणी विचारतात, कोणती स्पर्धा, कोण घेतंय. माझ्याकडं सगळे शिकारीचेच असतात. तिथं कोणी वाचत नाही. शिक्का बघतात, सोडतात. कागदच आहे हो."

आक्का कागदाकडं बघत होत्या. "ह्या कागदावर मी कोन हाय?" त्यांनी मला विचारलं.

"शिकारी."

"आनि खाली सही माझी?"

"अर्जावर तुमचीच आहे."

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. देवापुढं परत ठेवला नाही. "मग त्या बाईला जाऊ दे इटलीला," त्या म्हणाल्या. "मी जात न्हाई."

बाळ्यानं हात जोडले, पाया पडला, मग चिडला. आपलं ऐकत नाहीत म्हणून त्यानं महाराजांना मध्ये घालायचं ठरवलं, पण तेवढ्यात महाराजांचा विहार झाला होता, ते पुढच्या गावाला निघून गेले होते. आक्का शांतपणे पाणी गाळत होत्या. संध्याकाळी मी खाली गेले तर बंदूक कपाटातून काढून पुसत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुला वाटत असंल म्हातारी येडी हाय."

मी म्हटलं, "थोडंसं."

"वाटू दे. आमच्यात पान्यातला जीव मरू नये म्हनून फडकं लावत्यात. आता एवढं करून मी इटलीच्या सरकारला लिहून द्यायचं, मी मारायला येतीया म्हनून?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आधी वाटलं होतं की हा हट्ट आहे. त्यांना जायचं किती होतं हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं. पांढऱ्या बुटांचा एक नवा जोड खोक्यातून काढून त्यांनी पलंगाखाली ठेवलेला होता.

शेवटी ठरलं की पुण्याला जाऊन एजंटासमोर बसायचं आणि अर्ज दुरुस्त करून नवा परवाना मागायचा. वाटेत साताऱ्याला माझ्या घरी थांबलो. माझे वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांना आक्कांबद्दल आदर होता आणि त्यांच्या बंदुकीबद्दल थोडा कमी. चहा झाल्यावर मी सगळा प्रकार सांगितला. बाबा खो खो हसले.

"आवं आक्का, कागदाचं काय घेऊन बसलाय? पेन्शनच्या कागदावर मी दोनदा मेलोय. दोन्ही येळंला हयातीचा दाखला घेऊन गेलो, तर तिथला माणूस म्हणतो, 'तुम्ही मयत आहात.' म्हटलं, बरं. तरी जेवायला घरी आलोच का न्हाई?"

"तुमाला त्यांनी मेलेलं लिवलं, त्यात तुमचा काय दोष?" आक्का म्हणाल्या. "मला मारनारी लिवलंय."

बाबा हसायचे थांबले. थोड्या वेळानं उठले, आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. "चला," म्हणाले, "मी पन येतो पुन्याला."

एजंटाच्या ऑफिसात बाबा काही बोलले नाहीत. नुसते ताठ बसून राहिले, मिशा आणि सगळं. भिंतीवर मुंडक्यांचे फोटो होते, सांबरांचे, रानम्हशींचे, आणि त्यांच्याशेजारी हसणाऱ्या माणसांचे. आक्का त्या भिंतीकडं पाठ करून बसल्या. एजंटानं नवा अर्ज भरला. प्रयोजन, खेळ. आता किती दिवस लागतील, असं मी विचारलं तर तो म्हणाला, सांगता येत नाही, पण स्पर्धेच्या आत येणं अवघड आहे. आक्कांनी सही केली.

तो आला नाही. स्पर्धेचा आठवडा आला आणि गेला. त्या दिवसांत आक्का कमी बोलायच्या. मी इंटरनेटवर निकाल शोधला, ज्येष्ठ महिलांच्या गटात सात-आठजणी होत्या, त्यांचे फोटो त्यांना दाखवले. त्यांनी प्रत्येकीचा फोटो मोठा करून बघितला. "ही चांगली असंल," एका पांढऱ्या केसांच्या बाईला बघून म्हणाल्या. "हिचा खांदा बघ."

त्यानंतर नवा परवाना आला. मी वाचला. प्रयोजन, क्रीडा नेमबाजी. आक्कांनी तो देवापुढं ठेवला, पुन्हा हळदकुंकू वाहिलं आणि बाळ्याला म्हणाल्या, "तिकिटं कवाची हायत?"

बाळ्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आक्का, स्पर्धा संपली."

"परवाना आलाय न्हवं?"

"पन स्पर्धा..."

"मैदान हाय का तिथं? का उचलून नेलं?"

आणि आम्ही गेलो. व्हिसाची मुदत बाकी होती. माझा आयुष्यातला पहिला परदेश प्रवास न झालेल्या म्हणा किंवा होऊन गेलेल्या म्हणा, एका स्पर्धेसाठी झाला.

मुंबईच्या विमानतळावर बंदुकीची पेटी उघडून तपासायला एक अधिकारी आले. कागद बघितले, पेटी बघितली, मला विचारलं, "आप शूटर हैं?" मी आक्कांकडं बोट केलं. त्यांनी पातळ, पदर आणि पांढरे बूट वरपासून खालपर्यंत बघितले आणि पुन्हा कागद वाचले. मग नवीन लागलेल्या दोघा पोरांना हाक मारून बोलावलं, का ते त्यांनी सांगितलं नाही. तिघं ओळीनं उभे राहून आक्कांनी बंदूक उघडून रिकामी आहे हे दाखवलेलं बघत होते.

विमान सकाळचं होतं आणि पश्चिमेला चाललं होतं. त्यामुळं दिवस मावळायचं नाव घेईना. आक्का खिडकीपाशी बसलेल्या. घरच्या घड्याळाप्रमाणं अंधार पडायची वेळ होऊन गेली, तरी बाहेर लख्ख ऊन. त्यांनी पुन्हा डबा उघडला. "भूक न्हाई," मला म्हणाल्या, "पन सूर्य थांबलाय तर थोडं खाऊन घ्यावं." हवाईसुंदरीला त्यांनी शेंगदाण्याची चटणी दिली. तिनंही घेतली.

ते मैदान एका लहानशा गावाबाहेर होतं, टेकडीच्या पायथ्याला. आम्ही पोचलो तेव्हा स्पर्धेचे झेंडे उतरवून झाले होते. कचेरीला कुलूप होतं. एक म्हातारा राखणदार शिडीवर चढून दोऱ्या सोडत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. मी मोबाइलवर बोलून त्याला ऐकवत गेले. या बाई भारतातून आल्या आहेत. स्पर्धेत यांचं नाव होतं. परवाना उशिरा आला. त्यानं खाली येऊन परवाना वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. एजंट म्हणाला होता, तिथं कोणी वाचत नाही.

त्यानं विचारलं, का उशीर झाला. मी आक्कांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "सांग त्याला. पहिल्या कागदावर शिकार लिवलं हुतं."

मी मोबाइलमधून सांगितलं. म्हाताऱ्यानं ते दोनदा ऐकलं. मग त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून काहीतरी म्हटलं, आणि मोबाइल म्हणाला, "मी चाळीस वर्षं शिकारी आहे." आक्कांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या, "ते त्याचं तो बघंल." याचं मी भाषांतर केलं नाही. तो शिडी बाजूला ठेवून यंत्र चालू करायला गेला.

पुण्याला 'पुल' असं काहीतरी ओरडतात, पण आक्का 'सोड' म्हणायच्या, हे सांगायचं राहिलं. म्हाताऱ्याला मी ते समजावलं. तो बटण घेऊन मागं उभा राहिला. पाच जागा असतात, पाचजण ओळीनं उभे राहतात आणि आळीपाळीनं झाडत पुढं सरकत जातात. तिथं आक्का एकट्याच होत्या. पहिल्या जागेवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, मधेमधे रिकाम्या जागांकडं बघून थांबायच्या, जणू शेजारणीची पाळी होऊ देत होत्या. "सोड!" म्हणायच्या, तबकडी उडायची, बार व्हायचा. काही फुटल्या, काही लांब जाऊन गवतात पडल्या. निम्म्याहून जास्त फुटल्या असतील. चुकली की त्यांचं तोंड हलायचं, मला ऐकू यायचं नाही. राग इथं ठेवून जा असं महाराज म्हणाले होते, पण त्यातला थोडा विमानानं आला असावा.

झाल्यावर आक्का बंदूक उघडून हातावर घेऊन उभ्या राहिल्या. घाम आला होता, पदर खांद्यावर घसरला होता, आणि त्या एवढ्या आनंदात होत्या की मला त्यांच्याकडं बघवेना. म्हातारा भिंतीवरच्या फळ्याकडं गेला. स्पर्धेची नावं पुसून झाली होती. त्यानं खडू घेतला, परवाना बघून आक्कांचं नाव एकेक अक्षर लिहिलं, पुढं गुण लिहिले आणि नावाच्या आधी मोठा एक काढला. मी फोटो काढला आणि बाळ्याला पाठवला.

चार दिवसांनी आम्ही परत आलो. मुंबईहून बाळ्याच्या गाडीतून सांगलीत शिरलो तर आमच्या चौकात भला मोठा फ्लेक्स. वर फटाक्यांचं चित्र, मधे लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'इटली येथे नेमबाजीत प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल आक्कांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून तरुण मंडळाचे सगळे, गॉगल घालून, आणि मधोमध बाळ्या, हात जोडून.

"थांबव," आक्का म्हणाल्या. खाली उतरल्या आणि पूर्ण वाचलं. "हे कुनी लिवलं?"

"मीच की," बाळ्या अभिमानानं म्हणाला. "फळ्याचा फोटो आला हुता न्हवं. एक नंबर."

"माझ्या खाली कोन हुतं फळ्यावर?"

"कोन न्हवतं."

"मग शेवटचा बी माझाच की. ते का न्हाई लिवलं?"

"आवं आक्का, कुनाला काय कळतंय? लोक हसतील."

"मला कळतंय की," आक्का म्हणाल्या. "फ्लेक्सवाल्याला बोलव."

फ्लेक्सवाला आला. बाळ्यानं एकदा आभाळाकडं बघितलं. पांढऱ्या कागदाची एक पट्टी छापून आली आणि 'प्रथम'च्या पुढं चिकटवली. 'प्रथम व शेवटचा क्रमांक.' पुढचे आठ दिवस लोक घरी येऊन विचारत होते की आक्का, नेमबाजी सोडली का काय, आणि आक्का प्रत्येकाला चहा देऊन नाही म्हणत होत्या.

पण त्या दिवशी पट्टी चिकटवून झाल्यावर त्या रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या आणि लांबून सगळा फ्लेक्स पुन्हा वाचला. तरुण मंडळाचे चेहरे परातीएवढे होते. त्यांचा स्वतःचा एका कोपऱ्यात, पासपोर्टवरचा, तिकिटाएवढा.

"आता बरोबर हाय," आक्का म्हणाल्या. मग बाळ्याकडं वळून म्हणाल्या, "आता माझा फोटो जरा मोठा कर. नेम कुनी धरला, मी का ह्या पोरांनी?"